मदत हवी आहे: व्हिडिओचा जीआयएफ करताना फाइल फुगते, रंगांचे पट्टे पडतात

शेवरी
एफएफएमपेगने (कमांड टाकून चालवायचं व्हिडिओ टूल) क्लिपचा जीआयएफ करतेय. फाइल अवाढव्य होते, रंगांचे पट्टे दिसतात, शिवाय ब्राउझरमध्ये तो रखडत चालतो. नेटवर सापडल्या त्या सगळ्या कमांड टाकून झाल्या. उद्या सकाळी द्यायचंय. चालणारी कमांड कोणी देईल का? ऑनलाइन कन्व्हर्टर सुचवू नका, क्लिप बाहेर पाठवायची परवानगी नाही.

दीपमाळ
क्लिप कसली? किती सेकंदांची? कमांड काय टाकलीत? अवाढव्य म्हणजे किती? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

जुनाखेळाडू
माझं ऐकाल तर जीआयएफ करूच नका. १९८७ सालचा फॉरमॅट आहे, एका फ्रेममध्ये २५६ रंग. एमपी४ ठेवा, नाहीतर वेबपी करा.

शेवरी
जीआयएफच लागतो हो, मदत-पानांवर व्हिडिओ चढत नाही. मर्यादा २ एमबी, माझी फाइल ३० च्या वर जाते. स्क्रीन रेकॉर्डिंग आहे, १५ सेकंद, पूर्ण स्क्रीन, सेकंदाला ६० फ्रेमचं. सेटिंग्जची खिडकी उघडते, एक पर्याय बदलतो, बस. कमांड साधीच, इनपुट आणि आउटपुट फाइलचं नाव.

दीपमाळ
आता बोलता येईल. फ्रेमचा वेळ जीआयएफमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहितात. ६० फ्रेमसाठी १.६७ भाग लागतात, ते लिहिता येत नाही, मग काही फ्रेमना १ मिळतो आणि काहींना २. ब्राउझर १ हा आकडा मानत नाहीत, त्याचे १० करतात. म्हणून रखडतो. १० फ्रेम ठेवा, स्क्रीन रेकॉर्डिंगला पुरतात.

पट्ट्यांचं कारण वेगळं. तुमच्या साध्या कमांडने एफएफएमपेग एक ठरावीक पॅलेट, म्हणजे रंगांची यादी, वापरतं, तुमच्या क्लिपमध्ये कुठले रंग आहेत हे बघतही नाही. आधी 'पॅलेटजेन' लावून क्लिपचं स्वतःचं पॅलेट काढा, मग ते 'पॅलेटयूज'ने क्लिपला लावा. क्लिपचे दोन फाटे करणारं 'स्प्लिट' वापरलंत की दोन्ही एकाच कमांडमध्ये होतं. फिल्टरांचा क्रम असा: एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम), क्रॉप, स्प्लिट, एका फाट्यावर पॅलेटजेन, दुसरा फाटा आणि ते पॅलेट मिळून पॅलेटयूज.

आणि 'स्केल'ने लहान करू नका, अक्षरं वाचता येणार नाहीत. 'क्रॉप'ने फक्त ती खिडकी कापून घ्या.

खिडकीपाशी
एवढी खटपट कशाला? जिफस्की घ्या, जीआयएफ बनवायचंच टूल आहे. मी सगळं त्यातच करते, रंग अप्रतिम येतात.

दीपमाळ
जिफस्की उत्तमच, पण माणसं, आकाश, सावल्या असलेल्या व्हिडिओला. इथे करड्या खिडकीवर काळी अक्षरं आहेत, २५६ रंग रग्गड झाले. अडचण साइजची आहे.

खिडकीपाशी
त्यात क्वालिटी कमी करता येते की.

दीपमाळ
येते, पण अक्षरांच्या कडेला डाग दिसतात. त्यापेक्षा पॅलेटयूजमध्ये डिदर 'नन' करा. डिदर सपाट रंगात ठिपके पेरतं. जीआयएफचं कॉम्प्रेशन सलग, पुन्हा पुन्हा येणाऱ्या रंगांवर चालतं, ठिपके आले की फाइल फुगलीच. फोटोसारख्या क्लिपला डिदर हवं, तिथे 'बायर' हा डिदरचा प्रकार बरा पडतो.

शेवरी
टाकलं. 'असा फिल्टर नाही' म्हणतंय, आणि पुढे मी लिहिलेली सगळी ओळ छापतंय!!

जुनाखेळाडू
व्हर्जन जुनं असणार. माझ्याकडे लिनक्सवर तंतोतंत हीच ओळ चालली. अपडेट करा.

दीपमाळ
थांबा, अपडेट नको. सगळी ओळ एकाच फिल्टरचं नाव म्हणून छापतंय ना? विंडोज आहे का? फिल्टरभोवती एकेरी अवतरण दिलंय?

शेवरी
हो, विंडोजच. कमांड प्रॉम्प्ट. एकेरीच.

दीपमाळ
मग तेच. कमांड प्रॉम्प्टला एकेरी अवतरण कळत नाही, ते जसंच्या तसं एफएफएमपेगकडे जातं आणि ते अख्ख्या ओळीला एक नाव समजतं. दुहेरी द्या. पॉवरशेलमध्ये एकेरी चालतं, लिनक्सवरही, म्हणून जुनाखेळाडूंना अडचण आली नाही.

शेवरी
झालं!! १.४ एमबी, अक्षरं स्वच्छ, वेगही बरोबर. मनापासून आभार. एकच राहिलं: शेवटची फ्रेम दिसते न दिसते तोच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. बदललेला पर्याय वाचायला वेळच मिळत नाही.

खिडकीपाशी
जिफसिकल (जीआयएफ लहान करायचं टूल) लावून आणखी लहान होईल, त्यात 'लॉसी' पर्यायाला ८० द्या.

दीपमाळ
साइज बसलीय, आता हात लावू नका. शेवरी, आउटपुट फाइलच्या नावाआधी 'फायनल डिले'चा पर्याय द्या, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर, किंमत २००. हाही शंभराव्या भागात मोजतात, म्हणजे २ सेकंद थांबेल.

नवा_सदस्य
याच कमांडने जीआयएफमध्ये आवाज कसा घालायचा?

जुनाखेळाडू
जीआयएफमध्ये आवाजाची सोयच नाही. म्हणून तर म्हणतोय, एमपी४ घ्या.