शेवटच्या वर्षाचे पुरस्कार: शैक्षणिक आणि व्यावसायिक निवड कशी करावी?

खडूफळा: माध्यमिकच्या शेवटच्या वर्षाला दोन पुरस्कार द्यायचे आहेत, एक शैक्षणिक आणि एक व्यावसायिक विषयांचा. ऐच्छिक विषय वेगवेगळे असल्याने गुणांची नुसती बेरीज पटत नाही. प्रात्यक्षिकात तर सगळेच नव्वदच्या पुढे. नियम कसे लिहावेत?

आकडेमोड: बेरीज नकोच. ज्या विषयात गुण जास्त विखुरलेले असतात, तोच निकाल ओढून नेतो. विद्यार्थ्याच्या गुणांतून त्या विषयाची सरासरी वजा करा आणि प्रमाण विचलनाने, म्हणजे गुण सरासरीभोवती साधारण किती विखुरलेत त्या मापाने, भागा. हे झाले प्रमाणित गुण. गणिताची सरासरी ६२, विचलन १५ असेल तर ९२ गुण म्हणजे +२. भाषेची सरासरी ७८, विचलन ६ असेल तर ९० गुणही +२च.

एक धोका मात्र आहे. अवघड ऐच्छिक विषय मुळात हुशार मुलंच घेतात, त्यामुळे तिथला चांगला विद्यार्थीही शून्याच्या आसपास दिसतो. अशा गटाचे सक्तीच्या विषयांतले सरासरी प्रमाणित गुण काढा आणि तेवढी भर त्या विषयात घाला. सात-आठ मुलांच्या तुकडीला हे सूत्र लावू नका, एका मुलाने विचलन बदलतं.

लेथवाला: प्रात्यक्षिकात सगळ्यांना नव्वद पडतात, कारण 'काम नीटनेटकं' असल्या मोघम निकषाला गुण ठेवलेले असतात. वर्ल्डस्किल्स या व्यावसायिक कौशल्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मोजमापाचे आणि परीक्षकांच्या मताचे गुण वेगळे असतात, तसं करा. शाफ्टचा व्यास २५ मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) ±०.०५ मिमी: मापात बसला तर पूर्ण गुण, नाही तर शून्य. इथे ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा (मोजता येणारं सर्वांत लहान माप) व्हर्निअर अपुरा पडतो, ०.०१ चा मायक्रोमीटर घ्या. जॉब, म्हणजे मुलाने बनवलेला भाग, थंड झाल्यावरच मोजा. ४० अंशांनी जास्त गरम पोलाद या व्यासावर साधारण ०.०१ मिमी जास्त दाखवतं, आणि काठावरचा जॉब तेवढ्यात बाद होतो.

फिनिशिंगसाठी तीन परीक्षकांनी एकमेकांना न दाखवता ० ते ३ गुण द्यावेत. एकाहून जास्त फरक पडला तर चर्चा करून पुन्हा गुण द्यावेत. जॉबवर नाव नको, क्रमांक पंच करा. शिकवणारे सर परीक्षक नकोत.

खडूफळा: बरोबरी झाली तर हजेरी बघावी का?

आकडेमोड: अजिबात नको, आजारी पडलेल्या मुलावर तो सरळ अन्याय आहे. तिसऱ्या दशांश स्थळावरही विजेता ठरवू नका, एवढा फरक एका पेपरच्या फेरतपासणीतही पडतो. किती फरकाच्या आत संयुक्त पुरस्कार, हे परीक्षेआधीच लिहून सूचनाफलकावर लावा. चषक दोन लागतील.