घुमटाचा घुमार नीट रेकॉर्ड कसा करायचा? (आणि १९९१ ची एक कॅसेट)

घुमटवाली_फोंडा

मंडळी, मी फोंडा तालुक्यातली, एम.ए.चं शेवटचं वर्ष. प्रबंधिका घुमटावर, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं लावून केलेल्या आमच्या गोव्याच्या तालवाद्यावर. थापेमागे घुमत राहतो तो नाद म्हणजे घुमार. आमच्या घरात १९९१ च्या गणेशचवथीची एक कॅसेट आहे: आजोबा घुमटावर, काका शामेळ या साथीच्या तालवाद्यावर, बाकी घर आरत्या म्हणतंय. ते घुमट पणजोबांच्या वेळचं, घोरपडीच्या कातड्याचं. आता घोरपडीला हात लावायची सोय नाही, आणि नसावीच. सगळीकडे बकऱ्याचं कातडं. पण वाड्यावरचा प्रत्येक म्हातारा मला ऐकवतो, "तो घुमार आतां उरूंक ना" (आता उरला नाही).

हे खरं की आठवणींचा गोडवा, ते मला तपासायचंय. गेल्या चवथीला मोबाइल गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या लाकडाला सुपारीच्या घोसाशेजारी बांधला आणि दीड तास रेकॉर्ड केलं. आमच्याकडे भौतिकशास्त्राचे एक सर आहेत, त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि फोन परत दिला. म्हणाले, "झांज ऐकू येते. घुमट कुठाय?" खरंच नव्हतं. टक् टक् येतं, मागचा घुमार गायब.

या वर्षी रेकॉर्डर भाड्याने घेणार आहे. संगीतवाल्यांना आणि भौतिकवाल्यांना दोघांनाही चालेल असं रेकॉर्डिंग कसं करतात? आणि त्या कॅसेटशी तुलना करता येईल का?

साउंडवाला_म्हापसा

ताई, घुमट तुमच्या फोननेच खाल्लं. फोनचं ॲप माणसाचं बोलणं पकडायला बनवलेलं असतं. एकसारखा खालचा आवाज आला की त्याला वाटतं पंखा किंवा गाडी, मग तो कापतो. वर ऑटो गेन: थाप पडली की आवाज दाबायचा, शांत झालं की वाढवायचा. म्हणजे थाप किती जोरात पडली आणि घुमार किती वेळात विरला, दोन्ही खोटं. त्यात एमपी-थ्री असेल तर कानाला ऐकू येणार नाही असं त्याला वाटतं ते सगळं त्याने आधीच फेकलेलं.

या वेळी वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ऑटो गेन, लो-कट (खालचे सूर कापणारा), लिमिटर (मोठा आवाज दाबणारा) सगळं बंद. सर्वात जोराची थाप मारून घ्या आणि मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं लावा. आरती रंगात आली की वाजवणारे चेकिंगच्या दुप्पट जोरात मारतात, माझा अनुभव. त्या फाइलला नंतर हात लावायचा नाही. ऐकायला गोड हवी तर तिची कॉपी काढून काय ती सजावट करा.

आणि पंखे बंद! घाम आला तर येऊ दे.

निवृत्त_मास्तर

बाय, म्हापसेकरांनी सांगितलं ते बरोबर. मी भर घालतो.

घुमटाला दोन तोंडं. मोठ्यावर कातडं, लहान उघडं, आणि वाजवणारा डाव्या हाताने ते लहान तोंड झाकतो-उघडतो. घुमार तिथून घडतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखं ते प्रकरण आहे: मडक्यातली हवा तोंडाशी आत-बाहेर डोलते, आणि तोंड लहान केलं की सूर उतरतो. तेव्हा एक माईक कातड्यासमोर आणि दुसरा लहान तोंडाजवळ, पण बाजूला. समोर धरलात तर हवेचा झोत बसून फडफड येईल. दोन्ही ट्रॅक वेगळे ठेवा, मिसळू नका. आवाज एक मिलिसेकंदात सुमारे ३५ सेंटीमीटर जातो, म्हणजे दोन माईकना तो वेगवेगळ्या वेळी पोचतो; मिसळल्यावर हा फरक परत काढता येत नाही.

माईक सर्वदिशी घ्या. एकाच दिशेचा माईक वाद्याच्या अगदी जवळ नेला की तो खालचे सूर मुळाहून फुगवून दाखवतो. गाण्याच्या स्टुडिओत लोक हे मुद्दाम करतात. तुमचा प्रश्नच घुमाराचा, म्हणून तुम्हाला ते परवडणार नाही.

सर्वांत महत्त्वाचं: घोरपड विरुद्ध बकरा म्हणताना मडकं बदललं तर तुलना मेली. आणि भाद्रपदातल्या दमट हवेत कातडं सैलावतं. वाजवायच्या आधी उन्हात किंवा विस्तवाजवळ तापवता ना? किती वेळ, ते लिहा. खोलीचं तापमान, आर्द्रता, माईकचं अंतर, कोणाचा हात, सगळं सुरुवातीलाच माईकमध्ये बोला. कागद हरवतो. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांनी तबकडीच्या शेवटी आपलं नाव इंग्रजीत सांगितलं, ते काही मिरवायला नव्हे. तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या, तिथल्या माणसाला गाणारी कोण ते कळायला हवं होतं.

कॅसेटबद्दल उद्या. डोळे थकले.

बेडूकवाला

मी मोलेच्या बाजूला पावसाळ्यात बेडकांचे आवाज टिपतो. एकच सांगतो: सुरुवातीला दोन मिनिटं रिकामी खोली रेकॉर्ड करा, कोणीही न बोलता. मागचा आवाज किती होता हे नंतर विचारतातच. आणि रेकॉर्डर एसीच्या गाडीतून काढून लगेच चालू करू नका, माईकवर दव धरतं.

निवृत्त_मास्तर

कॅसेट. आधी झाकणातून बघा, टेपवर पांढरी बुरशी असेल तर घरी लावू नका. नसेल तर चांगल्या डेकवर, टेप वाचणाऱ्या हेडचा कोन त्या टेपपुरता जुळवून, एकदाच नीट उतरवून घ्या.

मोठी अडचण वेगाची. जुने टेपरेकॉर्डर हळू-जलद चालत. ३ टक्के जलद म्हणजे पेटीच्या शेजारच्या दोन सुरांत जेवढं अंतर, त्याच्या जवळजवळ निम्म्याने सूर चढला, मग कातड्याला दोष काय देणार? एक युक्ती आहे. आरतीला लाउडस्पीकर होता का? असेल तर त्याच्या ॲम्प्लिफायरची गुणगुण टेपवर असेल. ती मुळात ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीत. ती आज ५१.५ दिसली तर टेप ३ टक्के जलद. पण त्या काळी आपली वीजही ५० वर टिकत नसे, ४९ च्या खालीही उतरायची, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. आणि डेकच्या विजेची आजची गुणगुण त्यात मिसळू देऊ नका, नाहीतर तिलाच मोजत बसाल.

दुसरा साक्षीदार लागेल. आरतीला पेटी होती?

आता कटू बोलतो. त्या काळच्या घरगुती रेकॉर्डरमध्येही ऑटो गेन असे. म्हणून घुमार किती वेळ टिकला, किती मोठा होता, ही तुलना कॅसेटवरून करू नका. पण मूळ सूर आणि वरचे सूर यांची गुणोत्तरं काढता येतील, ती टेपच्या वेगाने बदलत नाहीत. सी. व्ही. रामन यांनी मृदंग-तबल्याचे वरचे सूर गुणोत्तरांतच तपासले होते, कातड्यावर वाळू पसरून. म्हाताऱ्यांचं म्हणणं पूर्ण सिद्ध होणार नाही, पण थोडं तरी धरून बोलता येईल.

वाड्यावरचो_घुमटकार

मास्तर, वाळू पसरा की साखर. आजोबांचा हात कोण आणणार? माझं बकऱ्याचं घुमट त्यांच्या हातात दिलं असतं तर तेही घुमलं असतं.

घुमटवाली_फोंडा

ते मी प्रबंधिकेत लिहिणारच आहे, म्हणून या वर्षी तूच दोन वेगळ्या घुमटांवर वाजवणारेस. शनिवारी ये, विस्तव मी पेटवते.

मास्तर, लाउडस्पीकर नव्हता, त्यामुळे गुणगुण नसणार. पण पेटी होती! तीच अजून आमच्या देवळात आहे, मधे ट्यून केलेली नाही असं भटजी म्हणतात. फक्त काळी एक बसलीये. पांढरी चार धरून चालेल का?

निवृत्त_मास्तर

चालेल, पण एकटी नको. टेपवर स्पष्ट लांबलेले निदान तीन सूर निवडा, तेच सूर आज पेटीवर रेकॉर्ड करा आणि तिन्हींवरून टेपचा वेग वेगवेगळा काढा. तिघं एकच आकडा सांगत असतील तर तो धरा. नसतील तर पेटीच खोटं बोलतेय.