विज्ञान-भयपटाच्या ट्रेलरमध्ये राक्षस दाखवावा का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

हल्ली विज्ञान-भयपटांचे ट्रेलर बघवत नाहीत. बघितलेच, तर सिनेमा बघायची गरज उरत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: या प्रकारात ट्रेलरने प्राणी दाखवू नये, कारण सांगू नये, आणि शेवटच्या अर्ध्या तासाला तर हातही लावू नये.

'एलियन'चा १९७९ चा ट्रेलर ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी तो बघून यावं, मग भांडावं. पात्रांचा एक संवाद नाही. अंधारात एक अंडं, त्याला तडा जातो, फटीतून हिरवट उजेड. मग भोंग्यासारखा किंचाळणारा आवाज सुरू होतो आणि थांबायचं नाव घेत नाही. त्यावर तुकडे पडत राहतात: बोळांतून धावणारी माणसं, मांजर, घामेजलेले चेहरे. सगळे कशाला घाबरलेत ते दिसतच नाही. शेवटी एकच ओळ, अवकाशात तुमची किंकाळी कुणालाही ऐकू येत नाही. ही ओळ बार्बरा गिप्स यांची. त्यांचे पती फिलिप गिप्स यांनी पोस्टर केलं होतं. म्हणजे घरच्या घरीच काम झालं, आणि आज पंचेचाळीस वर्षं उलटूनही ती ओळ लोकांना पाठ आहे.

२०१२ मध्ये 'एलियन'चेच दिग्दर्शक रिडली स्कॉट यांचा 'प्रोमिथिअस' आला. ट्रेलरमध्ये तोच भोंगा पुन्हा वाजवला. काटा आला, खोटं कशाला बोलू. पण त्याच ट्रेलरांतून ते अवाढव्य यान कोसळून गडगडत येतानाचं दृश्यही दाखवून मोकळे झाले! ते सिनेमात कधी येतं हे पाहिलेल्यांना ठाऊक आहे.

शेवटची रांग

लपवा लपवा म्हणताय, मग 'क्लोव्हरफील्ड'चं काय करायचं? जुलै २००७, 'ट्रान्सफॉर्मर्स'च्या आधी टीझर लागला. हातातल्या कॅमेऱ्याने टिपलेली घरगुती पार्टी, लांब कुठेतरी स्फोट, आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं मुंडकं रस्त्यावर येऊन आदळतं. सिनेमाचं नावसुद्धा नाही, फक्त तारीख. जग सहा महिने नेटवर तर्क लढवत बसलं. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ४ कोटी डॉलर आले आणि पुढच्याच शनिवार-रविवारी धंदा दोन तृतीयांशाने घसरला. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत 'सी' श्रेणी दिली.

त्यांनी सिनेमा विकलाच नाही, कुतूहल विकलं. तिकीट मी काढायचं आणि आत काय आहे ते मला कळू द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

रात्रपाळी

@शेवटची रांग, त्या सिनेमाचा खर्च साधारण अडीच कोटी डॉलर होता. एकट्या अमेरिकेत ८ कोटी झाले. निर्माता काही डोक्याला हात लावून बसला नसणार. आणि भयपट दुसऱ्या आठवड्यात आपटतातच, ट्रेलर कसाही असो.

कुंपणावरचा

दोघांनाही +१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मिक्सरवाली

मी ध्वनिसंकलनात आहे, त्यामुळे दोघांचं वाचून हसू येतंय. दाखवायचं की लपवायचं यावर वाद घालताय, पण ट्रेलरमध्ये ताण येतो तो कानांतून.

खाली एक घुमणारा 'ड्रोन' ठेवायचा, ऐकू कमी यावा आणि जाणवावा जास्त. त्यावर 'राइझर', म्हणजे चढत जाणारा आवाज. चढून चढून कुठपर्यंत चढणार? तर त्यासाठी शेपर्ड टोन आहे. एकमेकांवर रचलेले अनेक सप्तकांतले स्वर एकत्र वर सरकतात, वरचा हळूहळू विरतो तोवर खालून नवा येतो, आणि कानाला वाटतं स्वर चढतोच आहे. रॉजर शेपर्ड यांनी १९६४ मध्ये ही करामत मांडली. आता ती कुठल्याही लॅपटॉपवर मिळते. मग 'हिट', म्हणजे एकदम येणारा दणका. पण खरी कारागिरी हिटच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात. तिथे सगळं बंद करायचं. ती पोकळी नसेल तर नुसता दणका होतो, लोक दचकत नाहीत. आणि सिनेमाचं नाव येऊन गेल्यावर, लोक खुर्चीत सैलावले की शेवटचा एक झटका. त्याला आमच्यात 'बटन' म्हणतात.

'अ क्वाएट प्लेस' (२०१८) बघा. ट्रेलरने नियमच सांगून टाकला: आवाज केलात तर ते येतील. काही लपवलं नाही. त्यानंतर दिवा पडला तरी आपण श्वास रोखतो. १ कोटी ७० लाख डॉलरच्या सिनेमाने जगभरात सुमारे ३४ कोटी मिळवले. सगळं श्रेय ट्रेलरला देत नाही, पण नियम आधीच कळल्यामुळे प्रेक्षक गप्प बसायच्या तयारीने आत गेला.

रात्रपाळी

ताई, प्रतिसाद झकास, वाचनखूण साठवली आहे. पण नियम सांगितला तरी प्राणी कुठे नीट दाखवला? हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं.

मिक्सरवाली

तुमच्या बाजूचं कसं? तुमची दुसरी अट होती 'कारण सांगू नये'. तिथे कारण पहिल्याच मिनिटात सांगितलंय.

तिरका चष्मा

स्पॉयलरचा एवढा बाऊ कशाला करतात हे मला कळलेलं नाही. 'टर्मिनेटर २' मध्ये दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने सुरुवातीचा सगळा भाग असा रचलाय की श्वार्झनेगर वाचवायला आलाय की मारायला, ते कळू नये. जाहिरातीने ते आधीच फोडलं. तरी १९९१ मधला सर्वाधिक कमाईचा सिनेमा तोच.

शिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये बारा कथांवर प्रयोग केला. शेवट आधी सांगितला तरी वाचकांची मजा कमी झाली नाही, उलट सरासरीने किंचित वाढली.

रात्रपाळी

त्या कागदावरच्या लघुकथा होत्या हो. अंधारात बसवून कुणी मोठ्या पडद्यावर प्राणी सोडला नव्हता तुमच्या वाचकांवर. आणि 'टर्मिनेटर'चंच बोलायचं तर 'जेनेसिस'चं (२०१५) बोला. ट्रेलरने जॉन कॉनर या पात्राचं गुपित फोडलं तेव्हा खुद्द दिग्दर्शक अ‍ॅलन टेलर नाराज होता. ज्याने बनवलं त्यालाच नको होतं, तर प्रेक्षकाने का खपवून घ्यावं?

खारे दाणे

'२८ इयर्स लेटर'च्या डिसेंबर २०२४ मधल्या ट्रेलरचा विषय कुणीच कसा काढला नाही? त्यात पार्श्वभूमीला किपलिंगची 'बूट्स' ही कविता आहे, टेलर होम्स या नटाच्या आवाजात, १९१५ चं ध्वनिमुद्रण. सैनिक चालताहेत, तोच तोच शब्द, आवाज हळूहळू वेडाच्या कडेला जातो. प्राणी, राइझर, गुपित यातलं काहीही नसतं तरी चाललं असतं. गंमत म्हणजे ट्रेलरमधली ती कविता दिग्दर्शक डॅनी बॉईलला इतकी भिडली की त्याने ती सिनेमात घेतली. एरवी सिनेमातून ट्रेलर निघतो, इथे उलटी गंगा.

(अवांतर: किपलिंगचा जन्म मुंबईचा, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला. मुंबईकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

शेवटची रांग

त्याच ट्रेलरमधल्या एका हाडकुळ्या, विषाणूने बाधित माणसावरून 'हा पहिल्या भागाचा नायक किलियन मर्फीच' म्हणून नेट पेटलं होतं. निघाला भलताच कुणी. त्या आशेवर तिकीट काढणाऱ्यांचं काय?

हळवा वकील

काही नाही. आपल्याकडे तरी काही नाही. 'फॅन' (२०१६) आठवतो? जाहिरातीत वाजवलेलं गाणं सिनेमात नव्हतं म्हणून महाराष्ट्रातल्या एक प्रेक्षक बाई ग्राहक मंचात गेल्या. राज्य आयोगाने १० हजार रुपये भरपाई आणि ५ हजार खर्च द्यायला सांगितला, राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय उचलून धरला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सार असं की, प्रोमोतून करार उभा राहत नाही.

अमेरिकेत 'येस्टरडे'च्या ट्रेलरमधली अभिनेत्री सिनेमात नाही म्हणून दोघे कोर्टात गेले. तिथल्या न्यायाधीशाने २०२२ मध्ये उलट म्हटलं, की ट्रेलर ही व्यापारी जाहिरात आहे, फसव्या जाहिरातीचे कायदे तिला लागू होऊ शकतात. म्हणजे राक्षस लपवला तर चालेल, जो नाहीच तो दाखवला तर तिकडे पंचाईत.

शेवटची रांग

हे आवडलं. तरी मुद्दा तसाच आहे. 'एलियन: रोम्युलस'च्या टीझरने (मार्च २०२४) तोंडाला चिकटणारे प्राणी सरळ दाखवले. अंधार, किंकाळ्या, आणि मग धावत येणारे ते. १९७९ पासून सगळ्या जगाने बघितलेला प्राणी लपवायचं नाटक कशाला? सिनेमाने जगभरात ३५ कोटी डॉलर केले. तुमचा नियम पहिल्या भागापुरता बरा, सातव्या भागाला नाही.

रात्रपाळी

जुना प्राणी दाखवला, हे खरं. पण शेवटाकडे जन्माला येणारा तो नवा, अर्धा माणूस अर्धा भलतंच काही, तो ट्रेलरमध्ये ठेवला का? नाही ठेवला. थिएटरात त्याच वेळी माणसं खुर्चीत मागे सरकत होती. दाखवायचं ते जुनं, राखायचं ते नवं. घ्या, सातव्या भागालाही नियम लागू.

कुंपणावरचा

'रोम्युलस' मी पाहिला नव्हता. या रविवारी बघणार होतो. आभारी आहे, रात्रपाळीसाहेब.

तिरका चष्मा

ठ्ठो! बघाच आता. आणि शेवट फुटलेला असूनही मजा आली का, ते सोमवारी इथे येऊन लिहा.