गॅलिना (इलिनॉय): मेन स्ट्रीटवरच्या इमारतीचं बांधकामवर्ष कसं ठरवायचं?

मंडळी, मदत हवी आहे. गॅलिना हे ‘जो डेव्हिस’ नावाच्या काउंटीचं मुख्य ठिकाण. तिथल्या मेन स्ट्रीटवरच्या एका तीनमजली विटांच्या दुकान-इमारतीचा काळ ठरवायचा आहे. डिसोटो हाउस हॉटेल 1855 चं आहे. ही इमारत त्याच्या आधीची की नंतरची, एवढाच वाद आहे.

खरेदीखतांची साखळी मागेपर्यंत लावली, पण खतात जमिनीचं वर्णन असतं, इमारतीचं क्वचितच. सॅनबॉर्न कंपनीच्या आगविमा नकाशात (त्यात रंगावरून बांधकामाचं साहित्य कळतं) इमारतीला गुलाबी रंग आहे, म्हणजे विटाच. पण ही कंपनीच 1867 ची, त्यामुळे 1850 च्या दशकासाठी उपयोग शून्य. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत नाव-धंदा मिळतो, रस्ता-घरक्रमांक मिळत नाही (ते 1880 पासून). 1890 ची बहुतेक पानं आगीनंतर उरलीच नाहीत. दर्शनी ओतीव लोखंडी खांबांवर ओतशाळेचं नाव आहे, पण दुकानाचा दर्शनी भाग मागाहून बदलण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती, म्हणून त्यावर भिस्त ठेवत नाही.

आता उरल्या वार्षिक कर-आकारणीच्या वह्या. एखाद्या वर्षी भूखंडाचं मूल्य एकदम उडी मारतं, तिथे बांधकाम झालं असं धरतात. अडचण अशी की गावभर भाव चढले तरी उडी दिसते. प्रत्यक्ष जाणं शक्य नाही, पत्राने प्रती मागवता येतील. शेजारच्या किती भूखंडांशी आणि किती वर्षांची तुलना केली, तर ती उडी बांधकामाचीच हे खात्रीने म्हणता येईल?