बुधापेक्षा शुक्रच जास्त तापलेला

‘सूर्यापासून जितका लांब, तितका ग्रह थंड’ हे म्हणणं ढोबळमानाने बरोबर आहे, पण शुक्र हे गणित पार बिघडवतो. बुध सूर्याला सगळ्यात जवळचा. तिथे दिवसा सुमारे ४३० अंश सेल्सिअस आणि रात्री थेट उणे १८०! वातावरण जवळपास नाहीच, मग उष्णता धरून कोण ठेवणार?

शुक्रावर मात्र दिवस असो वा रात्र, विषुववृत्त असो वा ध्रुव, तापमान ४६५ अंशांच्या आसपासच. शिसंसुद्धा वितळेल. वातावरणात ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि दाब पृथ्वीच्या नव्वदपट. आत शिरलेली उष्णता सहजी बाहेर पडतच नाही. अशा भट्टीत १९८२ साली सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-१३ हे यान उतरलं, रंगीत फोटो पाठवले आणि ३२ मिनिटांची अपेक्षा असताना १२७ मिनिटं तग धरून राहिलं. मला ही कामगिरी आजही अफाट वाटते.

दुसरा अपवाद युरेनस. नेपच्यून त्याच्याहून कितीतरी लांब, तरी ग्रहांच्या वातावरणात नोंदलेलं सर्वांत कमी तापमान, उणे २२४ अंश, युरेनसचंच. नेपच्यून सूर्याकडून मिळते त्याच्या अडीचपटीहून जास्त ऊर्जा बाहेर टाकतो. युरेनसच्या पोटातून येणारी उष्णता त्यामानाने फारच थोडी.