अण्णांच्या वहीतले ३८ रुपये ७५ पैसे: कोणाला द्यायचे?

मुचकुंदीकाठ

नमस्कार. प्रश्न जरा विचित्र आहे आणि लांबणार आहे, आधीच सांगतो.

आमचे अण्णा गेल्या आषाढात गेले. वय ७७. एसटीत कंडक्टर होते, १९७१ ते २००५. त्यातली बरीच वर्षं लांजा डेपोत. भांबेड, प्रभानवल्ली, साटवली, हर्चे अशा गाड्या. मुक्कामाची गाडी असली की रात्री घरी नाहीत, सकाळी येताना खांद्यावरच्या पिशवीला डिझेलचा आणि कुणीतरी दिलेल्या फणसाचा असा मिळून एक वास. तो वास मला अजून कुठे आला तर मी मान वळवतो.

आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. आईने त्यांची लोखंडी ट्रंक आवरायला काढली, त्यात एक लांबट वही सापडली. वरती काही नाव नाही. आत तारीख, गाव, एखादी खूण आणि रक्कम. पहिल्यांदा वाटलं उसनवारीची आहे. मग कळलं की सुट्ट्यांची आहे. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल: कंडक्टरकडे सुट्टे नसले की तो तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचा, 'उतरताना घ्या' म्हणायचा. गर्दीत बरेच जण न घेताच उतरायचे. अण्णांनी अशा लोकांची नोंद ठेवली होती. नावं माहीत नसायची, म्हणून खुणा. काही तशाच उतरवतो:

१२-६-८४. प्रभानवल्ली. छत्रीवाला म्हातारा, एक डोळा अधू. १.२५

भांबेड. बाई, कडेवर पोर, केळ्यांचा लोंगर. ०.७५

८६, शाळा सुरू झाली तेव्हा. भांबेडच्या अलीकडचा थांबा. मुलगी, लाल रिबिनी. ०.५०. मागायला लाजली असावी.

हर्चे. शिंपी, बगलेत कापडाचं बोचकं. ३.०० (ही ९८ सालची)

दोनशेच्या वर नोंदी आहेत. बहुतेकांवर आडवी रेघ आणि पुढे 'दिले', तारखेसकट. एका म्हातारीला आठ महिन्यांनी दिलेत. पण २३ नोंदींवर रेघ नाही. मी बेरीज केली, ३८ रुपये ७५ पैसे.

आता घोळ असा. दहाव्याला कावळा शिवायला तास लागला होता. पाऊस, चिखल, भटजी घड्याळ बघतायत. मी मनातल्या मनात आईला सांभाळीन, घर विकणार नाही, जे जे सुचलं ते सगळं कबूल करून झालं, तरी कावळा फांदीवरच. वही बघितल्यावर काका म्हणाले, "बघ, म्हणूनच! ऋण राहिलं होतं." त्यांचं म्हणणं, शंभरपट रक्कम देवळात द्यायची आणि वही वर्षश्राद्धाच्या दिवशी नदीत सोडायची. माझा यावर विश्वास नाही. पण रात्री झोपताना तो एका डोळ्याचा म्हातारा डोळ्यापुढे येतो, हेही खरं.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिचं तिसरंच. ती म्हणते ज्याचे त्याला देऊ. आजोबांची ती फार लाडकी. तिकिटाला भोक पाडायचा पंच अण्णांना रिटायर होताना डेपोत जमा करावा लागला होता, म्हणून तिच्यासाठी अण्णांनी चांभाराकडून चपलेला भोकं पाडायचा चिमटा आणला होता. फणसाच्या पानांची तिकिटं. पडवीच्या झोपाळ्यावर बसलं की तिकीट काढावंच लागायचं, मलासुद्धा. सुट्टे म्हणून चिंचोके.

तर, देवळात द्यावे, डेपोत नेऊन भरावे, की माणसं शोधावी? यातल्या निम्म्या रकमा तर आज देताही येणार नाहीत, चार आण्याचं नाणं २०११ च्या जूनअखेरीस चलनातून गेलं. कुणाच्या घरी असं काही झालंय का?

सरळसोट

३८ रुपयांसाठी एवढा निबंध? देवळाच्या पेटीत चाळीस टाका आणि झोपा. सव्वा रुपया वर गेला म्हणून अण्णा रागावणार नाहीत.

वाण्याची लेक

पैशांचं तुम्ही काय करायचं ते करा, पण वही नदीत सोडू नका. हात जोडून सांगते.

आमच्या दादांचं किराणा दुकान होतं. जायच्या आधी दवाखान्यात त्यांनी मला सांगितलं, उधारीच्या वह्या जाळून टाक, माझ्यामागे कोणाच्या दारात वसुलीला जायचं नाही. मी लगेच जाळल्या. परसात, बंबात. फार मोठं काम केलं असं वाटलं होतं तेव्हा. महिन्याभराने लक्षात आलं की दादांचं अक्षर असलेला एकही कागद घरात उरलेला नाही. त्यांना पत्र लिहायची सवय नव्हती, बँकेत फक्त सही. त्यांचा 'ळ' वेगळा होता, खाली शेपटी असलेला. गूळ, तांदूळ, डाळ, त्या वह्यांत पानोपानी तो 'ळ' होता. आता मला तो काढून दाखवता येत नाही. मुलं म्हणतात आजोबांचं अक्षर कसं होतं, मी हवेत बोट फिरवते.

काकांना म्हणावं, शंभरपट रक्कम द्या आणि कोरी वही सोडा.

डबल बेल

मी सातारा भागात २९ वर्षं वाहक होतो. तुमची पोस्ट मिसेसला वाचून दाखवली, दोनदा थांबावं लागलं. पण तुमचा हिशोब चुकलाय. अण्णांचा नव्हे, तुमचा.

बघा, आमचं काम कसं होतं. दर किमतीचा तिकिटांचा गठ्ठा वेगळा. ट्रिप सुटायच्या आधी प्रत्येक गठ्ठ्याचा नंबर वेबिलावर, म्हणजे ट्रिपच्या हिशोबाच्या कागदावर, टाकायचा, शेवटाला परत टाकायचा. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे विकलेली तिकिटं, आणि तेवढीच कॅश पिशवीत पाहिजे. स्वतःच्या खिशातले पैसेसुद्धा ड्युटीवर चढताना वेबिलावर लिहायचे. वाटेत चेकर चढला आणि कॅश कमी निघाली तर केस, जास्त निघाली तरी केस. जास्तीची केस वाईट, कारण सरळ संशय येतो की पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही.

आता तुमचा छत्रीवाला म्हातारा सव्वा रुपया न घेता उतरला. तो सव्वा रुपया संध्याकाळी पिशवीत जास्त. तो डेपोत भरायचा, खिशात घालायचा नाही. म्हणजे अण्णांकडे त्याचे पैसे राहिलेच नाहीत, ते महामंडळात गेले. वहीतले २३ लोक अण्णांचे देणेकरी नाहीतच, चुकलो, घेणेकरी नाहीत.

खरी गोष्ट रेघा मारलेल्या नोंदींची आहे. त्या म्हातारीला आठ महिन्यांनी जे दिले, ते कुठनं दिले? भरलेली कॅश परत मिळत नसते. स्वतःचे दिले. दोनशे जणांना. एवढी वर्षं. माझ्या अख्ख्या नोकरीत असा गडी मी पाहिला नाही, आणि मी स्वतः तर तसा नव्हतोच. आम्ही म्हणायचो, ज्याला पाहिजे तो मागंल.

तेव्हा डेपोत जाऊन भरू नका, तिथले लोक चक्रावतील. ऋणाबिणाचं डोक्यातनं काढा. बाकी तुमची पोर म्हणते तसं करा.

मुचकुंदीकाठ

डबल बेल, तुमचं उत्तर आईला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे पान नव्हतं ते."

झालं होतं असं. फडताळात चहाच्या रिकाम्या डब्यात घरखर्चाची चिल्लर असायची. अण्णा ड्युटीवर निघताना त्यातून रोज मूठभर उचलायचे आणि आई रोज बोलायची. तिची ठाम समजूत होती की लांजा स्टँडवर पान खातात आणि घरी यायच्या आधी चूळ भरतात. त्यावरून भांडणं झालेली मला आठवतात. अण्णा फक्त "लागतात गो" एवढंच म्हणायचे. एकदाही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही. पान खाणारा नवरा आईला चालला असता, चिल्लर वाटत फिरणारा चालला नसता, असं काही असेल का? तेव्हा घरात आम्ही तीन भावंडं, पगार पुरायचा नाही.

२०२२ मध्ये पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटी फुकट झाली तेव्हा अण्णांनी पहिलं शून्य रुपयांचं तिकीट घरी आणून सगळ्यांना दाखवलं होतं. नातीला म्हणाले, "हे बघ, सुट्ट्यांचा प्रश्नच मिटला." आम्ही हसलो. आता ते वाक्य मला वेगळं ऐकू येतं. शाई उडून तिकीट कोरं झालंय, पण पाकिटात आहे.

सरळसोट, तुमचं म्हणणं मनाला लावून घेतलं नाही. चाळीस टाकले पेटीत. झोप आली नाही.

मुचकुंदीकाठ

मे महिन्यात गावी जाऊन आलो, म्हणून धागा वर काढतोय.

सगळ्यांत सोपी नोंद हर्च्याच्या शिंप्याची. नोंद ९८ सालची, आणि गावात शिंपी किती असणार? मुलीला घेऊन एसटीनेच गेलो, तिचा हट्ट. वही तिने मांडीवर धरली होती. उतरून एका दुकानात विचारलं, त्यांनी घर दाखवलं. म्हातारबाबा आहेत अजून. मशीन पडवीत, आता फक्त गोधड्या आणि उसवलेलं शिवतात. मी सगळं सांगितलं. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. अण्णा आठवले, "चष्मेवाले ना, गाडी सुटताना म्हाताऱ्यांसाठी थांबायचे ते," पण तीन रुपये नाहीत.

मला धाकधूक होती की ते नको म्हणतील, माझ्या मुलीच्या हातात उलटे दहा ठेवतील, आणि सगळं पाणी होईल. तसं झालं नाही. त्यांनी हात पुढे केला. मुलीने रुपयाची तीन नाणी ठेवली, त्यांनी ती एकेक करून पाहिली, मशीनच्या खणात बटणांमध्ये टाकली आणि खण बंद केला. म्हणाले, "हां. बसा, कोकम घ्या."

मुलीने तिथेच वही उघडून रेघ मारली. पट्टी नव्हती, म्हणून जराशी वाकडी. पुढे 'दिले' आणि तारीख. अण्णांच्या 'दिले'ची वेलांटी लांब असायची, हिने तशीच काढायचा प्रयत्न केलाय, पुढच्या रकान्यात गेलीय.

काकांना वही सोडणार नाही असं सांगितलंय. रागावलेत, पण वर्षश्राद्धाला येणार आहेत.

२२ राहिल्या. छत्रीवाले बाबा आता नसणारच. केळ्यांच्या लोंगरावरून काय शोधणार? पण एक शोधता येईल असं वाटतं. इथे भांबेडकडचं कोणी असेल, किंवा कुणाचं माहेर तिकडचं असेल, तर घरी विचारून बघा: १९८६ च्या जूनमध्ये शाळेत जाणारी, लाल रिबिनी बांधणारी, भांबेडच्या अलीकडच्या थांब्यावर उतरणारी मुलगी. आज पन्नाशीच्या आसपास असतील. त्यांचे ५० पैसे आमच्याकडे आहेत. आठ आण्याचं नाणं मिळवून ठेवलंय.