लाल शर्टातली पोरं आणि पोपटपंची

हाइडपार्ककर_आई
कालच्या पोस्टीला तिथेच उत्तर देणार होते, लांबलं म्हणून वेगळा धागा. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: मिलेनियम पार्कात शिकागोच्या मुलांच्या क्वायरचा फुकट कार्यक्रम ऐकून आलेले एक काका लिहितात, 'पोरं झुलूत (दक्षिण आफ्रिकेतल्या भाषेत) गातात, स्पॅनिशमध्ये गातात, अर्थ एकालाही ठाऊक नाही. ही बहुसांस्कृतिक पोपटपंची. त्यापेक्षा एक भूप राग नीट शिकवा.' त्यावर ढीगभर लाइक.

काका, हे क्वायर रेव्हरंड ख्रिस्तोफर मूर यांनी १९५६ साली शिकागोतल्याच हाइड पार्क वस्तीतल्या युनिटेरियन चर्चमध्ये सुरू केलं. तेव्हाचं शिकागो आठवा. एमेट टिल हा काळा मुलगा इथलाच, चौदा वर्षांचा. त्याला मिसिसिपीत मारून नदीत टाकलं ते १९५५ साली. काळ्यांना घर विकायचं नाही असे करार कोर्टाने १९४८लाच निकालात काढले होते, तरी वस्त्या होत्या तशाच. मार्टिन ल्यूथर किंग १९६६ला इथे येऊन राहिले ते याच घरांच्या प्रश्नावर. अशा गावात गोरी-काळी पोरं एका ओळीत उभी करायची, हाच मुळात कार्यक्रम होता. गाणं कुठलं, हे नंतर. माझ्या मुलीच्या शेजारी उभी राहते ती मुलगी साउथ साइडची, म्हणजे दक्षिणेकडच्या काळ्या वस्तीतली. आपल्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये भेटली असती का ती कधी?

भूपवाला
मीच तो काका. वय चव्वेचाळीस, पण असो. इतिहासाबद्दल मी बोललोच नव्हतो, कानाबद्दल बोललो. आपलं गाणं क्वायरच्या हाती पडलं की ते पियानोवर बसवतात. मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) गेली, आंदोलन (सुराचं हळू झुलणं) गेलं. दरबारी रागातला झुलता गंधार पियानोवर वाजवून दाखवा बरं! वर तीन आवाजांची हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर, चिकटवायची, टाळ्या घ्यायच्या, की पुढचा देश. झुलू माणसालाही स्वतःचं गाणं ऐकून असंच होत असणार.

ठाण्याहून_ऐकणारा
झुलूंची काळजी नको. त्यांच्या इसिकाथामिया नावाच्या बिनवाद्यांच्या समूहगाण्यात हार्मनीच सगळं काही आहे, पियानो लागतच नाही. अडतं आपलं, कारण आपण एकेकटे गाणारे. आणि आपल्याकडे कोणी केलंच नाही असंही नाही. संगीतकार वसंत देसाईंनी शाळाशाळांतल्या हजारो पोरांकडून समूहगान करून घेतलं. संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी मद्रास यूथ क्वायर काढलं, कितीतरी भारतीय भाषांत गायले, हार्मनीसकट. जमत नाही म्हणू नका, कष्ट नकोत म्हणा.

भूपवाला
श्रीनिवासन मान्य. ते एक झाले. दुसरं नाव सांगा.

नेपरव्हिलचे_आजोबा
मिलेनियम पार्काला लागूनच आर्ट इन्स्टिट्यूट आहे, जिथे १८९३ साली स्वामी विवेकानंदांनी...

खवचट_पुणेकर
आले! इतक्या लवकर येतील असं वाटलं नव्हतं.

दोन_पोरांचा_बाप
आधी आपल्या मंडळांचं बोला. गणपतीत मुलं यूट्यूबवरच्या ट्रॅकवर गातात. पट्टी मूळ गायिकेची, पोराचा गळा तिथे पोचतो का हे बघतंय कोण? माझा मुलगा गात असताना ट्रॅक अडकला. हा पठ्ठ्या न थांबता गात राहिला, तेही सुरात. तर एक बाई धावत आल्या, 'थांब, पहिल्यापासून घे!' रडला तो. आता मंडळात गा म्हटलं की पोट दुखतं.

मंडळाची_कार्यकर्ती
ट्रॅक नको तर काय करू? पेटीवाला तुम्ही आणता? हॉल तासावर. तालमीला बोलावलं की निम्मी पोरं सॉकरला. चारचा कार्यक्रम साडेपाचला सुरू होतो, कारण तुम्ही सव्वापाचला उगवता. आपल्या पोराचं गाणं झालं की थेट जेवणाच्या रांगेत! क्वायरच्या तालमीला मात्र बर्फातनं गाडी हाकत वेळेवर.

दोन_पोरांचा_बाप
तिथे उशीर झाला तर पोराला उभं करत नाहीत.

मंडळाची_कार्यकर्ती
मग यंदा मीही नाही करणार. बघू किती फोन येतात.

खवचट_पुणेकर
पहिला अध्यक्षांचा. नात गाते त्यांची.

मंडळाची_कार्यकर्ती
तुम्ही पुण्यात बसून आमच्या अध्यक्षांवर बोलू नका. सतरंजी तरी उचलली आहे का कधी?

हाइडपार्ककर_आई
धागा क्वायरचा होता हो.

साउथ_साइड_मास्तर
मी इथल्या सरकारी शाळेत शिकवतो. ताई, तुमचं अर्धंच खरं. ओळीत खांद्याला खांदा लागतो, पण कार्यक्रम संपला की एक पोर गाडीत बसून उत्तरेला, दुसरं बसने दक्षिणेला. सत्तर वर्षं होत आली तरी शहर तसंच विभागलेलं. २०२२ला क्वायरचं नाव बदलून 'युनायटिंग व्हॉइसेस शिकागो' केलं, नावाने काय होतंय. पण हे क्वायर शाळांमध्ये येऊनही शिकवतं, ते तुमच्यापैकी कोणी बोललं नाही. ऑडिशनला गाडीतून सोडणारं ज्याला कोणी नाही, ते पोरही गातं.

आणि अर्थाचं म्हणाल, तर माझ्या वर्गात मेक्सिकोहून आलेली एक मुलगी होती, तोंड उघडायची नाही. स्पॅनिश गाणं बसवायला घेतलं आणि ही उठून सगळ्यांचे उच्चार सुधारायला लागली. माझेसुद्धा. चारचौघांत झापलं मला.

भूपवाला
ठीक आहे. पोपटपंची मागे घेतो, पोपटांचीही माफी मागतो. पियानोचं मागे घेत नाही. पोरांना भूप शिकायचा असेल तर फुकट शिकवीन. पियानो बंद, तानपुरा चालू, एवढी अट.

हाइडपार्ककर_आई
क्वायरच्या बाईंना विचारून बघते. पण ती मुलं बंदिशीचा अर्थ विचारतात, ओळन् ओळ. तो पाठ करून या.

मंडळाची_कार्यकर्ती
तानपुऱ्यासाठी माझ्याकडे बघू नका. मंडळाचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा दिवाळी पहाटनंतर परत आलेला नाही. ज्यांनी नेला ते हा धागा वाचतायत, नाव घेत नाही.